काही वजनं बरोबर, काही विटा: जुना पामटॉप आणि सिरीयल काट्याची पुन्हा पुन्हा बिघडणारी जोडणी

हुपरीतल्या एका चांदी कारखान्यात गेल्या पावसाळ्यात मी एकाच तक्रारीसाठी तीन वेळा गेलो. तिथला पैंजणाचा माल बाहेर कारागिरांच्या घरी जातो. देताना वजन, परत आल्यावर वजन, आणि मधली घट किती, यावर सगळा हिशेब चालतो. मालकांना प्रत्येक वजनाची नोंद आपोआप हवी होती, पण भट्टी, धूर आणि तेजाबाच्या वाफेत कॉम्प्युटर ठेवायला ते तयार नव्हते. माझ्याकडे दोन एचपी २००एलएक्स होते. १९९४ साली आलेला हा पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, आत एमएस-डॉस ५.०, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आणि मुख्य म्हणजे खराखुरा सिरीयल पोर्ट (एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) असलेला. त्यातला एक तिथे दिला. काट्याच्या मागच्या पोर्टला केबल, पामटॉपवर त्याचाच डेटाकॉम प्रोग्रॅम, येईल ती ओळ फाईलमध्ये साठवायची. काम झालं.

आठ दिवसांनी फोन. "दादा, काय वजनं बरोबर येत्यात, काय येतच नाहीत. काटा गेला का बघा की."

ही तक्रार मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकली. कुठे पाम, कुठे सायन (दोन्ही असेच हातातले जुने कॉम्प्युटर), समोर कुठे काटा, कुठे मीटर, कुठे जुना जीपीएस. जोडणी एकदा चालते, मग बिघडते. आपण सेटिंग करतो, पुन्हा चालते, आणि पुन्हा बिघडते. दर वेळी केबलला दोष दिला जातो आणि नवी केबल आणली जाते. मला जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण यात अंदाजाने हात घातला की दिवस जातो, आणि नीट बघितलं तर दहा मिनिटांत उलगडा होतो.

आधी हुपरीचंच सांगतो.

पहिल्या दोन फेऱ्यांत मी तेच केलं जे सगळे करतात. काट्याच्या मेनूत गेलो, २४०० बॉड (बिट जाण्याचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) असं लावलं, पामटॉपवरही तेच. लगेच चालू. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा ठरवलं की आज काहीही बदलायचं नाही, नुसतं बघायचं. काट्यावर वजनं ठेवत गेलो आणि स्क्रीनवर काय उमटतं ते वहीत उतरवत गेलो. ३५०.६५ ग्रॅम ठेवलं तर ३५०.६५ हा आकडा अगदी स्वच्छ. १२४.७८ ठेवलं तर टिंबाशिवाय एकही अंक ओळखू येईना. एक आणि दोनच्या जागी ठिपक्यांनी भरलेल्या विटा, चारच्या जागी चौकटीची रेघ, सात-आठच्या जागी आणखी कसलीतरी चिन्हं. शिवाय प्रत्येक नवी ओळ डावीकडून सुरू न होता आधीची जिथे संपली तिथून खाली उतरत होती, जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

वहीत दोन रांगा झाल्या. बरोबर येणारे: ०, ३, ५, ६, ९. बिघडणारे: १, २, ४, ७, ८. एकही अपवाद नाही. लूज केबल किंवा खराब काटा असा अंक निवडून बिघडवत नाही. यामागे हिशेब असणार.

तो हिशेब पॅरिटीचा. सिरीयलमध्ये प्रत्येक अक्षर बिटांनी जातं. सात बिट अक्षराचे असतील तर आठवा बिट पॅरिटीचा असू शकतो. इव्हन पॅरिटीत त्या आठ बिटांमधल्या एकांची संख्या नेहमी सम ठेवतात. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की कोडमध्ये शून्याच्या सात बिटांत दोन एक आहेत, म्हणजे संख्या समच आहे, म्हणून पॅरिटी बिट ० जातो. एक या अंकाच्या बिटांत तीन एक आहेत, म्हणून पॅरिटी बिट १ जातो. आता घेणारा जर ८ बिट, पॅरिटी नाही असा बसला असेल, तर तो पॅरिटी बिटाला अक्षराचाच आठवा बिट समजतो. शून्य शून्यच राहतं. एकाच्या कोडमध्ये १२८ मिळवले जातात आणि डॉसच्या अक्षरसंचात तिथे वीट बसलेली आहे. तुम्ही कागदावर करून बघा: ०, ३, ५, ६, ९ यांच्यात एकांची संख्या सम येते आणि १, २, ४, ७, ८ यांच्यात विषम. माझ्या वहीतल्या दोन रांगा याच.

जिनाही त्यातूनच आला. ओळ संपताना दोन खुणा जातात. एक कॅरेज रिटर्न, म्हणजे डावीकडे जा, आणि दुसरी लाईन फीड, म्हणजे खाली जा. कॅरेज रिटर्नमध्ये तीन एक आहेत, तो बिघडला. लाईन फीडमध्ये दोन, तो वाचला. म्हणून ओळ खाली येत होती पण डावीकडे जात नव्हती.

सुरुवातीचा आणि शेवटचा खुणेचा बिट धरून दोन्ही मांडण्यांत एका अक्षराला एकूण दहाच बिट लागतात, म्हणून अक्षरांची संख्या चुकत नाही आणि अर्धं बरोबर, अर्धं चूक असं फसवं चित्र दिसतं. ऑड पॅरिटी असेल तर उलटं होतं: १, २, ४, ७, ८ चांगले आणि बाकीचे बिघडलेले. ७ बिट, पॅरिटी नाही, २ स्टॉप बिट असं असेल तर पहिला स्टॉप बिटच आठवा बिट म्हणून मोजला जातो आणि तो कायम १ असतो, त्यामुळे सगळेच्या सगळे अंक बिघडतात, पण संख्या बरोबर राहते. आणि बॉड रेटच चुकला असेल तर कशाचाच मेळ लागत नाही. अक्षरांची संख्याही बदलते: घेणारा जास्त वेगावर असेल तर पाठवली त्यापेक्षा जास्त अक्षरं दिसतात, कमी वेगावर असेल तर कमी. एवढं लक्षात ठेवलं तर स्क्रीनवरचा कचरा वाचता येतो. म्हणून कचरा दिसला की लगेच पुसू नका, सेटिंगला हात लावू नका. तपासासाठी तुमच्याकडे त्याहून चांगलं काही नसतं.

मी पामटॉपवर फक्त एक गोष्ट बदलली: ७ बिट, इव्हन. विटा गेल्या, जिना गेला.

मग प्रश्न उरला की मी लावलेली सेटिंग जाते कुठे. मालकांना विचारलं, शेवटचं बिघडलं तेव्हा काय झालं होतं? "काय नाही. दुपारी लाईट गेली होती." तेच कारण होतं. पामटॉप अडॅप्टरवर चालत होता, लाईट गेल्यावर सेलवर चालत राहिला, त्याची सेटिंग जशीच्या तशी. काटा मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि फॅक्टरीतून आला त्या मांडणीवर परत गेला. मेनूत बदल केला की तो लगेच लागू होतो, पण बाहेर पडताना साठवण्याचं वेगळं बटण दाबावं लागतं, नाहीतर बदल वीज असेपर्यंतच टिकतो. असे काटे बरेच आहेत. काहींमध्ये तर पासिंगचा शिक्का असताना ठरावीक गोष्टी साठवूच देत नाहीत, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापनचं पासिंग दर वर्षी करून घ्यावं लागतं. तो शिक्का तोडून आत हात घालणं हा पर्यायच नाही. आपलं काम मागच्या पोर्टपर्यंत.

म्हणून आता माझा नेम पक्का आहे: यंत्राला आपल्या सेटिंगवर आणायचं नाही, आपण त्याच्या फॅक्टरी सेटिंगवर जायचं. काटा बंद करा, प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा, आणि या अवस्थेत तो जे बोलतो तेच पामटॉपला शिकवा. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी असते. प्रयोगशाळेतल्या काही काट्यांची सुरुवात १२०० बॉड, ७ बिट, ऑड पॅरिटीवर असते, काहींची २४०० बॉड, ७ बिट, इव्हनवर. राउटरचे कन्सोल ९६०० वर ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप असे बोलतात. जीपीएसची एनएमईए ०१८३ भाषा ४८०० वर चालते. जुन्या गार्मिनवर इंटरफेसच्या जागी एनएमईए निवडलेलं नसेल तर ते आपल्या कंपनीच्या खास भाषेत बोलतं आणि टर्मिनलवर वाचता येईल असं काही उमटत नाही.

एक चांगली बातमी याच प्रकरणातली. मालकांच्या फाईलमध्ये दोन दिवसांची वजनं विटांच्या रूपात पडली होती आणि ती गेली असंच ते समजले होते. पण पॅरिटीच्या घोळात माहिती हरवत नाही, नुसता एक बिट चिकटतो. फाईल कॉम्प्युटरवर घेतली, चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: बाईटची किंमत १२७ पेक्षा जास्त असेल तर त्यातून १२८ वजा कर. सगळी वजनं शेवटच्या दशांशापर्यंत परत आली. कारागिरांच्या हाताखालून गेलेल्या मालाची ती नोंद होती, आणि त्यावर त्यांची मजुरी ठरणार होती. तुमच्याकडे अशी बिघडलेली फाईल असेल तर ती पुसण्याआधी हे करून बघा.

काहीच येत नसेल तर

कचरा येणं हे तसं सोपं दुखणं, निदान तारा बरोबर आहेत हे तरी कळतं. स्क्रीन कोरी राहते तेव्हा खरी परीक्षा. इथे मी प्रोग्रॅमकडे बघतच नाही. मल्टिमीटर काढतो.

आरएस-२३२, म्हणजे सिरीयल पोर्टच्या व्होल्टेजचा ठरलेला नियम, त्याचा एक गुण फार कामाचा आहे. जी तार बोलणारी आहे तिच्यावर, कोणी काही बोलत नसतानाही, उणे व्होल्टेज असतं. नियमाप्रमाणे उणे ३ ते उणे १५ म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०, आणि स्वस्थ बसलेली तार १ वर असते. म्हणजे कोण कुठल्या पिनवर बोलतो हे विचारायला एक अक्षरही पाठवावं लागत नाही.

केबल काट्यापासून सोडवा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी तार ९ पिनांच्या कनेक्टरच्या पिन ५ वर, तो ग्राउंड. लाल तार आधी २ वर, मग ३ वर. एकावर उणे पाचपासून उणे बारापर्यंत काहीतरी दिसेल, दुसऱ्यावर जवळपास शून्य. उणे दिसलं ती बोलण्याची पिन, शून्याजवळची ऐकण्याची. हेच केबलच्या टोकावर करा आणि काट्याच्या पोर्टवरही करा. दोघं वेगवेगळ्या पिनांवर बोलत असले तर सरळ केबल चालते. दोघं एकाच पिनवर बोलत असले तर एकमेकांच्या तोंडाला तोंड लागलंय, मध्ये क्रॉस हवा.

जुन्या पामटॉपच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच निघतं, आणि कारण साधं आहे. त्याच्याबरोबर आलेली केबल कॉम्प्युटरला थेट लावण्यासाठी बनवलेली असते, म्हणजे आतल्या आत ती आधीच क्रॉस आहे आणि तिच्या टोकाला पामटॉप पिन २ वर बोलतो. कितीतरी काटे आणि यंत्रंही कॉम्प्युटरला सरळ केबलने लागावीत म्हणून पिन २ वरच बोलतात. दोन्ही स्वतंत्रपणे बरोबर आहेत, एकत्र आले की गप्प. मध्ये नल मोडेम घातला की बोलतात: २ आणि ३ ची अदलाबदल, ७ आणि ८ ची अदलाबदल, ४ कडून ६ ला.

यात एक सापळा आहे. नल मोडेम अडॅप्टर आणि नुसता जेंडर चेंजर (तारा सरळच ठेवून फक्त टोकाचा नर-मादी प्रकार बदलणारा), दोन्ही बाजूंना ९ पिना असलेले हे दोन डबे बाहेरून अगदी सारखे दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकाच ट्रेमध्ये मिसळून ठेवलेले मी पाहिलेत. विकत घेतल्या घेतल्या मीटरच्या बझरवर तपासा आणि क्रॉस असलेल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. माझ्या पेटीत असा ठिपका नसलेला एकही तुकडा राहू देत नाही, कारण जागेवर गेल्यावर हा गोंधळ निस्तरायला वेळ नसतो.

यंत्राला २५ पिनांचा पोर्ट असेल तर सावध. तिथे ग्राउंड पिन ७ आहे. पिन १ ही बॉडीची अर्थ असते, तिला ग्राउंड धरून मोजलं तर आकडे भलतेच येतात. आणि तिथे २ व ३ चा अर्थही ९ पिनांच्या बरोबर उलटा आहे.

मीटरवर पामटॉपच्या बाजूला दोन्ही पिना शून्य दाखवत असतील तर केबल तोडायला घेऊ नका. २००एलएक्स सेल वाचवण्यासाठी सिरीयल पोर्टची वीज बंदच ठेवतो. डेटाकॉम उघडून जोडणी सुरू केल्यावरच तिथे व्होल्टेज येतं. शिवाय त्याचा इन्फ्रारेड आणि तारेचा पोर्ट आतून एकच आहे. मागे कधी इन्फ्रारेड निवडून ठेवलं असेल तर तार मेल्यासारखी राहते. सायनवर कॉम्प्युटरशी जोडण्याची लिंक चालू ठेवली असेल तर ती पोर्ट धरून बसते, आधी ती बंद करायची.

यंत्राच्या बाजूला दोन्ही पिना शून्य असतील तर त्याच्या मेनूत पोर्ट बंद आहे का बघा. आणि उणेच्या ऐवजी सरळ अधिक ३.३ किंवा अधिक ५ व्होल्ट दिसत असतील तर हात मागे घ्या. तो आरएस-२३२ नाही, टीटीएल पातळीचा पोर्ट आहे, ९ पिनांच्या कनेक्टरच्या वेषात. त्याला पामटॉपचं उणे व्होल्टेज थेट दिलं तर आतला चिप जाऊ शकतो. मध्ये व्होल्टेजची पातळी बदलणारं मॅक्स३२३२ चं छोटं बोर्ड लावायचं.

तारा जुळल्यावर पामटॉप आणि केबल धड आहेत का हे एका पेपरक्लिपने कळतं. केबलच्या टोकाला २ आणि ३ जोडा, काहीतरी टाईप करा. अक्षर परत आलं तर तुमची बाजू निर्दोष. फक्त आधी लोकल एको (टाईप केलेलं अक्षर प्रोग्रॅमनेच स्क्रीनवर दाखवायची सोय) बंद केलाय याची खात्री करा. तो चालू असेल तर केबल तुटलेली असली तरी अक्षर दिसतं आणि फसगत होते.

तारा बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी गप्प

आता हँडशेक. काही यंत्रं समोरचा तयार आहे असं कळल्याशिवाय एक अक्षरही सोडत नाहीत. ते कळतं पिन ८ वरच्या (यंत्र २ वर बोलत असेल तर सहसा पिन ७ वरच्या) अधिक व्होल्टेजने. घरी बनवलेल्या तीन तारांच्या केबलमध्ये ती पिन मोकळी असते, यंत्राच्या आतला रोध तिला ग्राउंडकडे ओढून ठेवतो, आणि यंत्र समजतं की समोर कोणी नाही. उपाय यंत्राच्या बाजूच्या कनेक्टरमध्येच: ७ आणि ८ एकमेकांना जोडा, आणि ४, ६ व १ एकमेकांना. यंत्र स्वतःच्याच तयारीची खूण स्वतःला देतं आणि बोलू लागतं. हुपरीत हे डाग द्यायला मी सोल्डरिंग गन काढली तेव्हा शेजारी बसलेल्या कारागिराने ती हातातून घेतली आणि दोन डाग असे दिले की मला आजवर तसे जमलेले नाहीत. टोकावर मोहरीएवढा कथील, बाजूच्या पिनला स्पर्शही नाही.

अशी युक्ती केल्यावर एक जबाबदारी येते. आता यंत्राला थांबवणारं कोणी नाही. एकेक वजन येत असेल तर काही बिघडत नाही, पण यंत्र आपली सगळी साठवण एकदम ओतत असेल तर धाकटी उपकरणं मागे पडतात. पामचा सिरीयलचा साठा मुळात ५१२ बाईटचा आहे. ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे अर्ध्या सेकंदात तो भरतो, आणि तेवढ्यात प्रोग्रॅमने उचललं नाही तर मधल्या ओळी गळतात. शेवटची ओळ नीट दिसते म्हणून हे लक्षातही येत नाही. अशा वेळी दोन्हीकडे एक्सऑन-एक्सऑफ (थांब आणि चालू कर ही खूण त्याच तारेतून पाठवण्याची पद्धत) लावा, किंवा वेग सरळ २४०० वर आणा.

पामचीच आणखी एक खोड, आणि 'दोन वाचनं आली आणि थांबलं' या तक्रारीचं हे नेहमीचं मूळ. पाम एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, आणि तारेवरून येणारा मजकूर म्हणजे कोणीतरी वापरतंय असं तो सहसा धरत नाही. बोट किंवा पेन लागलं तरच. पाम झोपला की पोर्ट झोपला. तुमच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये जागं ठेवण्याची सोय असेल तर ती लावा, नसेल तर या कामाला पाम वापरू नका असंच मी सांगेन.

कमी व्होल्टेजची अडचण वेगळ्या जातीची आहे. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पोर्ट दहा-बारा व्होल्ट देत असे. हातातली उपकरणं कशीबशी पाचच्या आसपास देतात, आणि ऐकणाऱ्याला किमान तीन लागतात. नुसतं बोलण्यापुरतं हे पुरतं. पण काही मल्टिमीटर आणि मापनयंत्रं आतून प्रकाशाने वेगळी केलेली असतात आणि त्यांच्या सिरीयल भागाला स्वतःची वीज नसते. ती कॉम्प्युटरच्या ४ आणि ७ या पिनांवरून वीज शोषून घेतात. १२०० बॉड, ७ बिट, २ स्टॉपवर चालणारे मेटेक्सचे जुने मीटर याच पद्धतीचे: त्यांना पिन ४ अधिक आणि पिन ७ उणे हवी असते, आणि डी हे अक्षर पाठवलं की वाचन परत येतं. कॉम्प्युटरवर ते चालतात, पामटॉपवर चालत नाहीत, किंवा नवे सेल असेपर्यंत चालतात. जोडलेल्या अवस्थेत पिन ४ मोजा. सुटी असताना पाच आणि जोडल्यावर तीनच्या खाली आली तर रोगाचं नाव कळलं. त्या पिनांना बाहेरून छोट्या बॅटरीने वीज द्या, पामटॉपकडून ती अपेक्षा करू नका.

सेल बदलायची वेळ आली तर २००एलएक्समधला मुख्य सेल आणि सीआर२०३२ हा राखीव सेल एकाच वेळी कधीही काढू नका. आतली सी ड्राइव्ह ही रॅमवर आहे, वीज गेली की फाईली गेल्या. पामला तर राखीव सेलही नाही, मिनिटभरात नवे सेल बसवायचे. आणि चार्ज होणारे सेल घातले असतील तर २००एलएक्सच्या सेटअपमध्ये तसं सांगा. साधे अल्कलाईन असताना तिथे चार्जिंगचा प्रकार लावून अडॅप्टर जोडू नका.

एवढं सगळं करून कधी चालतं, कधी नाही अशी अवस्था राहिली तर मात्र संपर्कच तपासा. कोल्हापूरकडच्या पावसात, त्यातून जिथे चांदी धुवायला तेजाब वापरतात तिथे, कनेक्टरच्या पिनांवर सहा महिन्यांत हिरवट थर धरतो. पामटॉपच्या बाजूचा दहा पिनांचा छोटा कनेक्टर तर आणखी नाजूक. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा मऊ ब्रश, दोन वेळा, मग पंख्याखाली वाळवणं. सँडपेपर लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात थर दुप्पट वेगाने येतो. हुपरीत आता कनेक्टरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलाय, वाफ आत जात नाही.

यूएसबी-सिरीयल वायर स्वस्त मिळते, मग लॅपटॉप का नाही, असं मला नेहमी विचारतात. ज्यांना टेबलाशी बसून काम आहे त्यांनी खुशाल तेच वापरावं. पण तपासणीला जाताना मी माझा दुसरा २००एलएक्सच खिशात ठेवतो. ड्रायव्हर नाही, पोर्टचा क्रमांक बदलत नाही, झाकण उघडलं की चालू. आणि तो सेलवर असल्यामुळे मुख्य विजेशी त्याचा संबंधच नाही. अर्थिंग धड नसलेल्या जागी चार्जरला लावलेला लॅपटॉप काट्याला जोडला तर ग्राउंडमधून फिरणाऱ्या प्रवाहाने वजनाचा शेवटचा अंक नाचताना मी पाहिलाय. चार्जर काढला की अंक थांबतो.

हुपरीच्या काट्याखाली, जिथे पुसताना हात लागत नाही अशा जागी, आता एक चिठ्ठी पारदर्शक टेपने चिकटवली आहे. तिच्यावर लिहिलंय: २४००, ७, इव्हन, १. काटा २ वर बोलतो, पामटॉप २ वर बोलतो, मध्ये लाल ठिपक्याचा क्रॉस. काट्याकडे ७-८ आणि ४-६-१ जोडलेले. वीज गेल्यावर काट्याच्या मेनूत जाऊ नये.